कोऱ्या पात्याला दिलेलं पाणी

माझं नाव धाकू आखाडे. आता घर खाली हाय, मुळशीच्या धरनाच्या अंगाला, पर जलम वरचा, सपाटीवरल्या धनगरवाड्यातला. तितं मानसांपरीस शेरडं जास्त, आन शेरडांपरीस आमच्या बापाच्या शिव्या जास्त. आमच्यात पोरगं धड चालाया लागलं का त्याच्या कमरंला आकडी बांधत्यात. आकडी म्हंजे लाकडाची वाकडी खुंटी, दोरीनं कमरंच्या मागं बांधायची आन तिच्यात कोयता अडकवायचा, मंग चालताना त्यो मागं टक टक वाजतो. बाप म्हनायचा, धाक्या, तुझा कोयता वाजाया लागला का मी समजतो तू शेरडांमागं हायेस, आन वाजायचा थांबला का समजतो कुटंतरी पडलायस. लई येळा मी पडलेलाच असायचो, खोटं कशाला सांगू.

तर ह्या कोयत्यानं माझं नाव झालं. कारवी तोडावी तर धाकूनं, वणवा अडवाया वनखात्याच्या जाळरेषा साफ कराव्यात तर धाकूनं. कुनाच्या हातातलं पातं नुसतं वाजवून मी सांगायचो ह्याची धार किती दिस टिकंल. सगळंच बरोबर यायचं न्हाई, पर मी सांगायचो असं का ऐकनाऱ्याला वाटावं लोखंड माझ्याच पोटातनं निगालंय. बायको माझी भागू, ती म्हनायची, तुमी पात्याला वाजीवता का सोताला?

पुढं सायली मॅडम आल्या. त्या शेराजवळ सूसला राहत्यात, कंपूटरच्या कंपनीत हायेत, आन सुट्टीला डोंगरात फिरत्यात. त्यांनी आन गावातल्या लोकांनी मिळून एक पथक उभं केलं, डोंगरात कुनी हरवलं, पडलं, अडकलं का धावत जायाचं. मलाबी घेतलं, वाटा ठावं हायेत म्हनून. सगळी मला मामा म्हनत्यात. आमच्या गावचा किसन लोहार हाय त्योबी पथकात, दोर वाहायला, खांदं रेड्यासारखं हायेत त्याचं. एक दिस सायली मॅडम म्हनल्या, मामा, पथकासाठी एक चांगला सुरा घ्यायचाय, एकच, पन असा का जन्माला पुरंल, आनि तो तुमीच निवडायचा. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी मी घरी गेलो तर उंबऱ्याला डोकं लागंल इतका उंच झालो होतो.

सुरा करनारा एक कारागीर त्यांनी हुडकून काढला होता, साताऱ्याकडचा, हातानं करतो. त्यानं तीन नमुने पाठीवलं. देवळाच्या पारावर ठेवून बघाया निम्मा गाव जमला. एकाच्या पाठीला करवतीवानी दात होतं, पोरं त्याच्यावरच लट्टू. मी म्हनलो, ह्ये ठेवा बाजूला, ह्यानं लाकूडबी कापत न्हाई आन करवतीचं कामबी व्हत न्हाई, ह्यो नुसता फोटोपुरता. दुसरा चकाचक, पर पातं मुठीत बोटभर जाऊन संपल्यालं, जोर लावला का मूठ हातात आन पातं ओढ्यात. तिसरा बघाया काळा, दांडगा, पाठ जाड, पातं मुठीच्या टोकापातुर एकाच लोखंडाचं, मूठ खरबरीत, वल्या हातानंबी सटकत न्हाई, म्यानबी चामड्याचं न्हाई, आमच्या पावसात चामडं चार आठवड्यात कुजतं. मी त्यो खिळ्यानं वाजीवला, हातावरचं केस काढून दावलं, वास घेतला. किसन म्हनला, मामा, आता चाटून बघा. चाटलाबी असता, पर मॅडम बघत होत्या. ह्योच, म्हनलो. आन खरं सांगतो, निवड माझी चुकली न्हवती. चुकली आसती तर बरं झालं आसतं.

मॅडम म्हनल्या, मामा, हा तुमच्याकडंच राहू दे.

आता आमची एक रीत हाय. बाजारातनं कोयता आनला तर त्यो तसाच वापरत न्हाईत. बाजारच्या मालाचा काय भरवसा, लाकडावर मारला का धार वळती. म्हनून आधी लोहाराकडं, भट्टीत लाल करायचा आन पान्यात बुडवायचा, चर्रर्र आवाज झाला का पातं आपलं झालं. बाप म्हनायचा, कोरं पातं आन कोरा मानूस, पाणी दिल्याबिगर डोंगर चढवू न्हाई. मंग मी काय केलं? तुमी वळखलंच आसंल. गेलो किसनाकडं. किसन जरा घुटमाळला. म्हनला, मामा, ह्ये करनाऱ्यानं दिलंच आसंल की पाणी. मी म्हनलो, तू लोहार का मी? त्यो म्हनला, लोहार मीच हाय. मी म्हनलो, मंग भाता मार. आमी मुठीचं स्क्रू काढलं, पातं भट्टीत घातलं, पार पिकल्या टमाट्यावानी लाल केलं आन बुडीवलं. आवाज असा झाला का किसनाची कुत्री पळून गेली. मंग राखंनं घासलं, मूठ बसवली, म्यानात घातलं. आन दुसऱ्या दिसापासनं मी आकडी खुंटीला टांगली. कमरंला सुरा, कोयता घरी. भागू म्हनली, सोंग घेतलंय का? म्हनलो, तुला काय कळतंय त्यातलं.

श्रावणात फोन आला. शेरातला एक पोरगा, वरून सांडणाऱ्या ओढ्यात उतरला होता, त्याचा पाय दगड आन उंबराच्या मुळीच्या मधी अडकला होता. आमी पोचलो तवा पाणी त्याच्या मांडीला होतं. वर डोंगरावर काळं झालं होतं, ओढा चढत होता. मुळी मनगटापरीस जाड, दरडीवरनं पान्यात उतरल्याली, तीच पान्याच्या वर तोडायची, एवढंच काम. मी म्हनलो, सरा बाजूला. सुरा काढला, असा काढला का बघत ऱ्हावं. दोन घाव बसलं, ढलपी उडाली, मी मॅडमकडं बघून हसलोबी. तिसऱ्या घावाला काचंची बांगडी फुटावी तसा आवाज झाला आन माझ्या हातात नुसती मूठ, वर चार बोटं पातं. बाकीचं पान्यात.

त्यो पोरगा माझ्या हाताकडं बघत होता. म्हनला, मामा, दुसरं हाय का काही? शांतपनी म्हनला. वरडला आसता, शिव्या दिल्या आसत्या तरी मला चाललं आसतं.

आन मी काय बोललो ठावं हाय? त्याला न्हाई, मॅडमकडं वळून बोललो का ह्यो करनाराच लबाड, माल खोटा दिला. पाणी पोराच्या कमरंला आलं होतं आन मी माझं नाव वाचवत होतो. तसा किसन पाठीमागनं दोर धरून बोंबलला, खोटा कसा आसंल, मामा, माझ्या भट्टीत मी सोता पाणी दिलंय त्याला! त्याला वाटलं मी त्याच्याच पान्याला नाव ठेवतोय. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मुठीतल्या तुटक्या तुकड्याकडं बघितलं. म्हनल्या, मामा, तुमी भट्टीत घातलात? मी म्हनलो, व्हय. त्या म्हनल्या, बरं, आता दगडानं तोडायला लागा. एवढंच.

दुसरं पातं कुनाकडंच न्हवतं. आमी दगडानं ठेचाया लागलो, दगडानं कुटं ओली मुळी तुटती व्हय? पाणी पोराच्या छातीला लागलं. किसन त्याच्या मागं पान्यात उतरून त्याला काखंत धरून उभा होता. तेवढ्यात वरच्या वाटंनं भागू आली. ती जळनाला गेली होती, गलका ऐकून उतरली. तिच्या डोईवर इरलं, हातात तिचा जुना कोयता, त्याला मूठ कसली, चिंधी गुंडाळलेली. तिनं एकदा माझ्या हातातलं तुटकं पातं बघितलं. आमच्यात पातं हातात देत न्हाईत, भांडान होतं म्हनत्यात. म्हनून तिनं कोयता दगडावर ठेवला आन म्हनली, घ्या, नायतर सरा, मी तोडते. मी सरलो. तिनंच तोडली. मी पोराचा गुडघा धरून पान्यात वाकलो होतो, त्याच्याकडं बघवत न्हवतं म्हनून पान्याकडं बघत होतो.

पाय मोडला होता, पर जीव वाचला. मॅडमनी त्या साताऱ्याच्या कारागिराला फोन लावला आन माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं हसंल. त्यो हसला न्हाई. म्हनला, मामा, त्या पोलादाला पान्यात बुडवायचं नसतंय, ते तेलात, आन मंग परत सावकाश शेकायचं, नायतर काच होते. मंग म्हनला, मी दुसरा करून देतो, पन भट्टीजवळ नेनार न्हाई एवढं बोला. आता तुमीच सांगा, साठीच्या मानसानं फोनवर शेंबड्या पोरावानी कबूल करायचं, न्हाई नेनार म्हनून. केलं कबूल.

नवा सुरा आला. मॅडमच्या पिशवीत असतो. पथक जमलं का त्या त्यो काढून दगडावर माझ्यापुढं ठेवत्यात, मामा, धार बघा. सगळ्यांदेखत. कुनीतरी मागनं म्हनतं, मामा, भट्टी पेटवू का? सगळी हसत्यात, मीबी हसतो, मीच आधी हसतो. अंगठा फिरवतो, म्हनतो बेस हाय, आन ठेवून देतो. मला काढून टाकलं आसतं तर मी रुसून बसलो आसतो, चार लोकांत बोललो आसतो. त्यांनी काढलंच न्हाई, मंग रुसायचं कुनावर?

त्यो पोरगा सनासुदीला फोन करतो. आता बरा चालतो म्हनत्यात, पायऱ्या उतरताना जरा जपतो. मामा कुटं हायेत, विचारतो. मी भागूला खुनावतो, न्हाईत सांग. ती त्याला बिनदिक्कत सांगती, हायेत की, लाजून गोठ्यात गेल्यात. मी खरंच गेलेलो असतो. तितं शेरडांत उभा ऱ्हाऊन ऐकतो, फोनचा आवाज मोठा असतो, त्यो हसतो ते मला तितपातुर ऐकू येतं. देवानं त्याला लई आयुष्य द्यावं, त्याच्या पायाला बळ द्यावं. एखाद्या दिवशी मी बोलंन त्याच्याशी. ह्या दिवाळीला बोलू म्हनत होतो, पर तवा नेमकी एक शेळी व्यायला झाली.