बारा वाढल्या

हसू नका, पण आमच्या कंपनीच्या रोबोटला मी बांगड्या भरायला शिकवायला नेलं होतं. म्हणजे अख्खा रोबोट नव्हे, नुसता हात. नाजूक वस्तू त्याला धरता येतात का, हे बघायचं होतं. म्हटलं, काचेच्या बांगडीहून नाजूक काय असणार? गेले कसबा पेठेत, आमच्या नेहमीच्या कासारकाकूंच्या दुकानात.

काकूंनी आधी माझा हात धरला, अंगठ्याखाली जरासं दाबलं आणि टीव्हीवरची मालिका बघत बघत सहा बांगड्या चढवल्या.

"न बघता कसं जमतं हो?"

"बघायचंय काय त्यात? हात कुठे आखडतोय ते बोटांना कळतं."

मग आमचं यंत्र दुकानातल्या लाकडी हातावर बांगडी चढवायला लागलं. कट्!

"फुटली!" मी ओरडले.

काकूंनी डोळे वटारले. "बांगडी फुटली म्हणू नये गं. वाढली म्हणावं."

अशा बारा गेल्या, तेवढ्यात सरांचा फोन. सर मूळचे चेन्नईचे, नुकतेच मराठी शिकलेले, त्यामुळे हौसेने मराठीतच बोलतात. मी स्पीकर लावला. काकू समोरच बसलेल्या, मग काय बोलणार?

"सर, बारा वाढल्या."

"अरे वा! वाढल्या? मग उद्या खऱ्या हातावर करू!"

काकूंची नजर मालिकेवरून हलली नाही. "करा की. सरांचाच हात घ्या. फक्त नंतर मोडला म्हणू नका, वाढला म्हणा."