लहानुजींची वानरी

काटोलच्या बसची प्रतीक्षा करीत शालिकराम नागपूरच्या स्थानकावर रांगेत तिष्ठत उभा होता. त्याच्या पाठीमागे एक घरमालक आपल्या वृद्ध भाडेकऱ्याची मनधरणी करीत होता.

"लहानुजी, घरी चाल गा. भाकरीचं गाठोडं घेऊन जंगलात कुठं फिरशील?"

"भैयाजी, तुमच्या माकडवाल्यानं वानरीले धरून काटोलच्याच जंगलात सोडलं ना?"

"हो. पण वानरी रोज छपरावरचे कवेलू फोडे. बाकीच्या भाडेकऱ्यायच्या शिव्या मलेच खा लागे."

"मी कवेलू बदलवून देतच होतो."

"एका वानरीसाठी काहून जीव काढून राहिला?"

"माह्या बायकोच्या, गोदूच्या दहाव्याले छपरावर घास ठेवला, तवा तुम्ही होते. कावळा शिवला का?"

"नाही शिवला."

"मंग त्या वानरीनंच घास उचलला. तवापासून रोज ये, गोदूच्या जेवायच्या वेळेले."

"हे मले काहून नाही सांगितलं गा?"

"तुम्ही हासले असते."

"अन् नाही सापडली तं?"

"झाडाखाली भाकर ठेवीन. आता तरी कावळा शिवन."

बस आली. शालिकरामाने बाजूस सरून वृद्धास पुढे जाऊ दिले. त्याच्या मागोमाग घरमालकही चढला.

"तिकडं सरक गा लहानुजी, मलेही बसू दे."