मुळापर्यंत पांढरं

याकूत्स्कच्या बाजारात कातड्यांच्या टपरीपुढे सर्दाना बसची वाट पाहत उभी होती. तिच्या पुढे एक आजी टपरीवालीशी बोलत होती.

"घ्या आजी, रानसशाचं कमावलेलं कातडं. हातमोज्यांना आतून लावा. पण कात्री नको हं, उलट्या बाजूनं पात्यानं कापा."

"मला शिकवतेस? तुझ्या आईचे हातमोजे मी शिवलेत!"

"मग हात लावून बघा की."

"हात कशाला? फुंकर पुरे. फू! अगं, हा रानातला नव्हे."

"वा! माझ्या नवऱ्यानं, प्रोकोपीनं स्वतः फासे लावून धरलाय. दर शनिवारी रानात जातो बिचारा."

"रानसशाची लव हिवाळ्यातही मुळाशी राखाडी असते. ही मुळापर्यंत पांढरी. पिंजऱ्यातला आहे हा."

"हे दुसरं बघा."

"फू! हाही पिंजऱ्यातला. कातडी कमावतं कोण?"

"तोच. घरात वास नको म्हणून रानातूनच कमावून आणतो."

"फारच गुणाचा गं! रात्री राहतो कुठे?"

सर्दानाची बस आली आणि निघूनही गेली.

"आजी, जरा टपरीवर बसता?" टपरीवाली उठली.

"बसते की. पण तू निघालीस कुठे?"

"शिकारीला!"