वाऱ्याला हाक

हितेंद्र : राहू द्या काका, मी उचलतो. कार्डंच आहेत, काच थोडीच फुटली?

यतीन : माफ कर रे. वल्लरीने जन्मभर कॉलेजात इंग्रजी कविता शिकवली, पण कधी कुणावर खडूसुद्धा भिरकावला नाही.

हितेंद्र : स्ट्रोकनंतर राग येतोच. मॅडमना सगळं कळतंय. शब्द आत तयार आहे, तोंडापर्यंत येताना अडकतो. मग माणूस चिडणारच ना? मॅडम, शेवटचं एक कार्ड. बघा, झाड वाकलंय, दोरीवरचे कपडे उडतायत. काय सुटलंय?

वल्लरी : ते... ते... भांडं. नाही. नाही.

हितेंद्र : व... वा...

वल्लरी : नको.

हितेंद्र : बरं, ठेवलं. काका, स्पष्ट बोलू? दिवाळीपासून येतोय मी. पहिल्यापेक्षा मॅडम आता कमी बोलतात. थोडे दिवस ब्रेक घेऊया का? स्पीच थेरपी जबरदस्तीने नाही होत.

यतीन : थांबलो तर ती कायमची गप्प होईल. परवा तिची बहीण माहीमहून आली, तर ही भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. झोप लागली नव्हती, मला कळतं ना.

हितेंद्र : मग काहीतरी वेगळं करायला लागेल. या कार्डांवर त्यांनी डूख धरलाय.

यतीन : मला एक सुचतंय. हसू नकोस. मी गोदीतला इंजिनियर, मला कवितेतलं ओ की ठो कळत नाही.

हितेंद्र : बोला बिनधास्त. मी लालबागच्या चाळीतला. आमच्यासाठी कविता म्हणजे पेपरात सोडून द्यायचा प्रश्न.

यतीन : तुझ्यासारखीच पोरं यायची इथे. मराठी शाळेतून आलेली, कॉलेजात इंग्रजीला बुजणारी. ही त्यांना संध्याकाळी घरी बोलवायची, याच खोलीत बसवायची आणि मराठीत समजवायची. रोमँटिक कवी आले की हिचा आवाज बदलायचा. म्हणायची, त्यांच्या आधीच्या बऱ्याच कवितांमधला निसर्ग म्हणजे दिवाणखान्यात टांगलेलं चित्र. कवी लांब उभा राहून सांगतोय, ही टेकडी, तो ओढा. मग हे लोक आले आणि त्यांनी व्याकरणच फिरवलं.

हितेंद्र : व्याकरण कसं?

यतीन : झाडाबद्दल बोलायच्या ऐवजी झाडाशी बोलायला लागले. वारा 'तो' होता, त्याचा 'तू' केला. आणि बोलायचे साध्या शब्दांत, शेतावरच्या माणसाच्या तोंडी शोभेल अशा. पोरांना सांगायची, विशेषणं मोजत बसू नका, क्रियापदं बघा. यांच्या कवितेत डोंगरसुद्धा नुसता उभा नसतो, काहीतरी करत असतो.

हितेंद्र : मॅडम एकटक बघतायत तुमच्याकडे.

यतीन : बघू दे. मी चुकलो तर ती सांगेल. सांगता आलं तर बरंच आहे.

हितेंद्र : म्हणजे मी कार्ड दाखवून 'हे काय' विचारतोय, ते चित्र टांगल्यासारखं झालं.

यतीन : तेच म्हणतोय. नाव विचारू नकोस तिला. हाक मारू दे.

हितेंद्र : आमच्या अभ्यासात पण होतं असं. नाव सांगताना अडलेला शब्द कधीकधी गाण्यात, शिवीत नाहीतर हाकेत सुटून येतो. गॅरंटी नाही देत हां काका. खिडकी उघडा ती.

(यतीनने कडी काढली. चौपाटीकडचा वारा वाडीतलं सोनमोहराचं झाड हलवत आत शिरला आणि वल्लरीचा चेहरा तिकडे वळला.)

हितेंद्र : मॅडम, आधी मी. आमची आजी गावी खळ्यात भात वारवायला उभी राहिली आणि वारा पडलेला असला, की त्याला म्हणायची, "ये रे मेल्या, खंय रवलंस?" कुठे राहिलास, म्हणून.

यतीन : हसली. हितेंद्र, हसली ती.

हितेंद्र : हसू द्या. मॅडम, आता तुमची पाळी. तो काय आहे ते सांगायचं नाही. बोलवा फक्त.

वल्लरी : ये.

हितेंद्र : कुणाला बोलवताय?

वल्लरी : ये... ये, वा... वाऱ्या.

हितेंद्र : परत एकदा. घाई नाही.

वल्लरी : वाऱ्या, ये. झाड... हलव. पान... पानं. हलव ना.

हितेंद्र : काका, तुम्ही बसा. पाणी देऊ?

यतीन : मी ठीक आहे. तिच्याकडे बघ तू.

हितेंद्र : एवढ्याने सगळं बोलणं परत आलं असं नाही, आधीच सांगतो. पण वाट सापडली. उद्यापासून कार्डं बॅगेतच राहतील. समुद्राला बोलवू, त्या गॅलरीतल्या कावळ्याला बोलवू. थँक यू काका. हे मला एकट्याला सुचलं नसतं.

यतीन : माझे कसले आभार? तिचंच होतं, तिला दिलं.

वल्लरी : तू.

यतीन : काय गं?

वल्लरी : तू... ऐक... ऐकत?

यतीन : हो. कामावरून आलो की पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसायचो ना, पेपर घेऊन? पेपर नुसता हातात असायचा. तुझा तास चालू असेपर्यंत पान उलटायचं नाही.

वल्लरी : बोल... बोललास नाही.

यतीन : काय बोलणार? दिवसभर लोखंड आणि क्रेन बघून आलेला माणूस मी. तुझं ऐकायला लागल्यापासून गोदीतलं पाणी मला वेगळं दिसायला लागलं. आधी मी नुसती भरतीची वेळ बघायचो. मग एकदा धक्क्यावर कुणी नाही असं बघून भरतीलाच हळूच 'ये' म्हटलं. घरी आल्यावर तुला सांगणार होतो, तर तू स्वयंपाकाच्या गडबडीत. पण तुझे उपकार आहेत माझ्यावर, वल्लरी. नाहीतर एवढ्या समुद्राकाठी राहून मी कोरडाच गेलो असतो.

हितेंद्र : मी जरा चहाचं बघतो.

वल्लरी : आत...

यतीन : आत काय? दुखतंय का कुठे?

वल्लरी : नाही. आत... यायचंस.

यतीन : तिथूनही सगळं ऐकू यायचं गं.