काकूच्या पैशाचा उजेड

...अहो पण पैसे आहेत ना! हेच तर मी घसा फोडून सांगत होते! उधारी नाही, बुडवाबुडवी नाही, पैसे आहेत, काकूच्या स्वतःच्या खात्यात आहेत, सरकारने दर महिन्याला टाकलेले आहेत, आणि तरी वायरमन दारातल्या खांबाला शिडी लावून उभा! का? तर बिल थकलंय. का थकलंय? पैसे नाहीत म्हणून? छे! पैसे आहेत हो! फक्त निघत नाहीत.

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हीही त्या वायरमनसारखे माझ्याकडे दयेने बघायला लागाल. मी कामिनी. बंगलोरला शिकले, पाच वर्षं, आणि शिकून सोनगीरला परत आले, गावासाठी काहीतरी करायचं म्हणून. याचा गावाला काय अर्थ लागला? "पोरगी नापास झायी वाटस." असू दे! मला वाटलं, सुरुवात घरापासून करू. घरात कोण? माझी थोरली काकू, वच्छलाबाई. काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. आजवर तिने स्वतःच्या नावाचा पैसा पाहिला नव्हता. आता सरकारचा बायकांचा हप्ता तिच्या खात्यावर येतो. आणि यंदा कानबाई तिच्या घरी बसायची होती. कानबाई म्हणजे आमची श्रावणातली देवी हो, नारळाला नाक-डोळे काढून, नथ घालून चौरंगावर बसवतात, रोट करतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला तुकडा नाही! दरवर्षी खर्च माझे बाबा करायचे. यंदा काकू म्हणाली, "नही. यंदा देवीपुढे उजेड मना पैसाना." मला काय भरून आलं म्हणून सांगू! मी म्हटलं, काकू, यंदा लाइटबिलसुद्धा तू भरायचं, तुझ्या फोनवरून, तुझ्या बोटाने!

आणि इथे माझी साडेसाती सुरू झाली.

कारण तोवर बिल कसं भरलं जायचं, माहितीये? कौतिकभाऊ! कौतिकभाऊ कोण? शेजारच्या घरातला ट्रक ड्रायव्हर, रावेरची केळी दिल्लीला नेतो. बँकेत खाती उघडायचं शिबिर लागलं, त्या दिवशी गल्लीत फोन चार्ज केलेला फक्त त्याचा होता. म्हणून गल्लीतल्या एकूण एक बाईने खात्याला नंबर दिला कौतिकभाऊचा! स्वतःचा नंबर? "आमले पाठ नही ना व!" त्यामुळे सगळ्या बायकांचे ओटीपी कौतिकभाऊला. सगळ्यांची खाती कौतिकभाऊच्या फोनात. कोणाचं लाइटबिल, कोणाचा गॅस, कोणाच्या लेकीचं रिचार्ज, हा बाबा कुठल्यातरी ढाब्यावर शेवभाजी खाताखाता भरून टाकायचा. मी त्याला विचारलं, अहो, आणि पिन? तर काय म्हणतो? "बठ्ठासना पिन एकच ठेयेल शे. नहीतं माले कसा ध्यानमा ऱ्हाई?"

एकच पिन! अख्ख्या गल्लीचा! म्हणजे ज्या गल्लीत रोटाचा तुकडा परक्याला देत नाहीत, त्या गल्लीत पिन मात्र प्रसादासारखा वाटलेला! मी त्याच दिवशी त्याला सांगितलं, माझ्या काकूचं खातं तुमच्या फोनातून काढून टाका. ताबडतोब! त्याने काढलं. वाईटही वाटून घेतलं नाही. "बरं व माय, मनं एक काम कमी झायं."

आता काकूच्या फोनात अ‍ॅप टाकलं. अ‍ॅप म्हणालं, या नंबरला खातंच जोडलेलं नाही. बरोबर आहे, नंबर कौतिकचा! बँकेत गेलो. नंबर बदलायचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "होऊन जाईल." कधी? "होऊन जाईल ना, ताई." दुसर्‍या खेपेला, "प्रोसेसमध्ये आहे." तिसर्‍या खेपेला मला बघून साहेब चहाला उठले. इकडे बिल थकलं, मग दंड, मग मेसेज. तो मेसेज तरी कोणाला गेला असेल? कौतिकला! बिलावरही नंबर त्याचाच! तो बिचारा मला कशाला सांगेल? मीच त्याला लक्ष घालू नका म्हटलं होतं!

आणि उद्या कानबाई म्हणताना शनिवारी दुपारी वायरमन हजर. भूषण त्याचं नाव. पोरगा इतका गोड बोलतो की भांडताही येत नाही. "ताई, वरून ऑर्डर आहे हो. तुम्ही भरा ना, मी थांबतो." म्हटलं, रोख घे. "रोख बंद आहे, ताई, ऑनलाइनच करा." म्हटलं, थांब. बँकेत पळाले. चौथा शनिवार! बँक बंद! पैसे आहेत हो! कुलपाच्या आत आहेत!

मग काकूला घेऊन रतिलालनानांच्या दुकानात. तिथे अंगठा लावला की खात्यातले पैसे हातात, आणि ते नानांना दिले की नाना बिल ऑनलाइन भरून देतात. पण काकू दोन दिवस रोटाचे गहू जात्यावर दळत होती! गिरणीत दळलेलं देवीला चालत नाही, हा तिचा हट्ट. खुंटा धरधरून अंगठा असा गुळगुळीत झालेला, नदीतल्या गोट्यासारखा. मशीन म्हणतं, कृपया पुन्हा प्रयत्न करा. नाना म्हणतात, "अक्का, पुसा." पुसला. "खोबरेल लावा." लावलं. "दुसरं बोट द्या." दिलं. दहाही बोटं झाली हो! मशीनचं आपलं चालूच, कृपया पुन्हा प्रयत्न करा. काकू मशीनकडे बघून म्हणाली, "मी तिच शे व बाई! वच्छला!"

नाना भला माणूस. म्हणाले, "राहू दे, मी भरतो, सोमवारी द्या." मी हो म्हणणार, तेवढ्यात काकूने माझा दंड असा चिमटला! रोटाचं दळण सुरू झालं की देवी उठेपर्यंत उसनं घ्यायचं नाही, हा तिचा नेम. "उसना उजेडमा देवी बसाडू का मी?"

शेवटी मी तत्त्व सोडलं. सोडलं! कबूल! म्हटलं, माझ्या खात्यातून भरते, घरचीच आहे, उसनं कसलं? पण आमच्या घरात माझ्या बंगलोरच्या सिमला रेंज नाही, म्हणून त्याच नंबरचं दुसर्‍या कंपनीचं सिम घेतलं होतं, ते नेमकं सकाळीच चालू झालेलं. अ‍ॅप म्हणालं, नवीन सिम, आपल्या सुरक्षिततेसाठी उद्या या. माझी सुरक्षितता! कोणापासून? मीच मला लुटणार होते का?

इकडे भूषण शिडीवर. "ताई, मी वर चढून ठेवतो, तुम्ही ट्राय करत राहा." हातात पक्कड. मी खाली, फोन आकाशाकडे धरून. काकू दारात, तोंडाला पदर लावून. मला बघवेना, आणि मग मी तेच केलं जे करायचं नाही म्हणून गावभर भाषणं दिली होती. कौतिकभाऊला फोन लावला.

"हॅलो! कोन? कामिनी? बोल व माय!" मागे ट्रकांचे हॉर्न. मी सगळं एका दमात सांगितलं. तो म्हणाला, "इतलंच? ठेव फोन." ठेवला. आणि दोन मिनिटांत वरून भूषण ओरडला, "ताई! जमा झालं! दिसतंय मला!" आणि उतरला की खाली! काकूने देवीच्या चौरंगाला तिथूनच हात जोडले. मी अक्षरशः नाचले.

मग माझ्या डोक्यात आलं. काकूचं खातं तर त्याच्या फोनात नाही. भरलं कशातून?

परत फोन. "कुंदाबाईना खातामाईन! तिना पैसा पडेल व्हतात ना. आपली गल्ली एकच शे!"

कुंदाबाई!! अहो, गल्लीत इतक्या बाया, आणि याला सापडली कोण? कुंदाबाई! काकूची भिंतीपलीकडची शेजारीण, जिच्याशी नळाच्या पाळीवरून गेल्या उन्हाळ्यापासून बोलणं बंद! काकूला मी हे सांगितलंच नाही, पण गल्लीत बातमी पोहोचायला ओटीपी लागत नाही. रविवारी देवी बसली, दिवेलागणीला काकूने मंडपातल्या लाइटच्या माळांचं बटण दाबलं, आणि दारात कुंदाबाई! कमरेवर हात. "लाव, लाव. मनाच पैसानी लाइट शे."

काकूने बटण बंद केलं. खट्! "माले नको तुना उजेड."

कुंदाबाई आत आली. खट्! "बिल मी भरेल शे. मी लावसू!"

खट्! "देवी मनी शे. मी बंद करसू!"

मी मध्ये. कुंदामावशी, सोमवारी देते ना, पैसे आहेत हो! पण ऐकतंय कोण? एक लावते, एक घालवते, मंडपातल्या माळा पेटतात, विझतात, पेटतात, विझतात, नथ घातलेली देवी क्षणात दिसते, क्षणात नाही, भाऊबंद हातात रोट घेऊन तोंड शोधतायत! आणि बाहेर रस्त्यावर ही गर्दी जमलेली, पोरं टाळ्या वाजवतायत. गर्दीतून भूषण पुढे आला, मान वर करून बघतोय, एकदम खूश.

"ताई, यंदा लाइटिंग लई भारी केली हो! कसं काय जमवलं?"

म्हटलं, काही नाही रे. ऑनलाइन आहे.