चारच्या जागी चौदा

खरं सांगा, हा डबा तुमच्या गाडीला कोणी बसवला? — नाही, नाही सांगितलंत तरी चालेल, मी आपलं विचारलं. सीट उचलल्याबरोबर कळलंच मला. वायरींवर कापडी टेप गुंडाळायचा आणि टोक जरासं दुमडून ठेवायचं, म्हणजे पुढच्या माणसाला सोडवताना नख लावायला जागा राहते — ही पद्धत माझी. मीच शिकवली. बसवलाय चांगला हो, बसवण्यात खोट नाही. बसवण्यात धाकट्याचा हात पहिल्यापासून साफ. — धाकटा म्हणजे माझा भाऊ. तुमचे मास्तर.

बसा ना, त्या टायरवर बसा, पुसलेला आहे. काय म्हणालात — वळताना गचके खाते? मागे बायको बसलेली असताना भर चौकात बंद पडली? अगंबाई. आणि पेट्रोलचा वास येतो, तो येणारच. हा प्लग बघा, चुलीतून काढल्यासारखा काळा झालाय. सांगते, सोपं आहे. इंजिनला किती पेट्रोल द्यायचं ते कंपनीचा कंप्युटर ठरवतो. हा डबा, म्हणजे फ्युएल कंट्रोलर, मध्ये बसतो आणि म्हणतो, इथे जरा जास्त दे, तिथे जरा कमी दे — सासू-सुनेच्या मध्ये बसलेल्या नणंदेसारखा. नणंद शहाणी असली तर घर सुखात, नाहीतर रोज भडका! — हसलात, बरं वाटलं. आता हा लॅपटॉपवरचा तक्ता बघा, याला मॅप म्हणतात. उभ्यात इंजिनचा वेग, आडव्यात तुम्ही मूठ किती पिळलीत ते. प्रत्येक घरात एक आकडा, म्हणजे तिथे शेकडा किती जास्त पेट्रोल. तीन, चार, चार, पाच — आणि हे घर? चौदा. दिसलं ना? चार-पाचांच्या घोळक्यात एकटंच चौदा.

ते चौदा माझं आहे. म्हणजे — चूक माझी. पाच वर्षांपूर्वी मी माझ्या स्वतःच्या गाडीचा मॅप करत होते, आई आजारी होती, आतून हाक आली, आणि चार लिहायचे तिथे चौदा लिहून मी उठले. नंतर लक्षात आलं. पण माझ्या गाडीला मोकळा फिल्टर, हवा भसाभसा ओढते, आणि दवाखान्याच्या चढावर आईला मागे बसवून नेमकं त्याच वेगात जायचं — तिथे गाडी अशी ओढायची, मी म्हटलं राहू दे. आई म्हणायची, ही गाडी मला नेत नाही गं, उचलून नेते. म्हणून राहिलं. दुसऱ्या कुठल्या गाडीला मी तिथे चौदा कधी लिहिलं नाही. तुमचा फिल्टर कंपनीचा, बंद — तुमच्या गाडीला ते चौदा म्हणजे पोट भरलेल्या पाहुण्याचा हात धरून वाढत बसायचं. गुदमरणार नाही तर काय होईल?

कसं गेलं तुमच्या गाडीत? लॅपटॉपमधून. धाकटा गेल्या वर्षी वेगळा झाला. म्हणाला, ताई, मी फक्त हेल्मेट आणि ऑइल विकणार, तुझ्या कामाला हात लावणार नाही, आईची शपथ. आणि जाताना म्हणाला, लेकीचे फोटो आहेत तुझ्या लॅपटॉपमध्ये, एक दिवस दे. मी दिला. केबलसुद्धा मीच गुंडाळून पिशवीत घातली, वाटेत तुटायला नको म्हणून! चोरणाऱ्यानं चूकसुद्धा उचलली हो — कारण त्यात चूक कुठली आणि बरोबर कुठलं, हे त्याला कधी कळलंच नाही.

काय म्हणता, ट्यूनिंग मास्तरच करायचे? तुम्हालाही तसंच वाटतं ना. अकरा वर्षं सगळ्यांना तसंच वाटलं. आणि वाटायला लावलं कोणी? मीच. बाईच्या हातात गाडी द्यायला लोक बिचकतात, तू पुढे उभा राहा, मी मागे बसते — हे माझेच शब्द. तो रस्त्यावर गाडी फिरवून आणायचा आणि मी त्या पडद्यामागे बसून आवाज ऐकायची. नुसत्या आवाजावरून सांगायची, तीन हजारावर दोन कमी कर. त्यानं पडद्याबाहेर येऊन गिऱ्हाइकाला सांगायचं, मी दोन कमी केले. गिऱ्हाईक म्हणायचं, काय कान आहे मास्तर तुमचा! मी आत चहा गाळत असायची. मला गंमत वाटायची, खरंच. आपल्याच घरात राहतंय ना नाव, म्हणायची. तो केसानं गळा कापेल, हे मनात कसं येणार?

पहिल्यांदा नाही बघत मी हे चौदा. गेल्या आठवड्यात एक नर्सबाई आल्या होत्या, हीच गाडी, हीच तक्रार. तक्ता उघडला आणि — आता हसाल — आधी मला आनंद झाला. आपल्या हातचं अक्षर अचानक दिसावं तसा. मग कळलं, ते तिथे आलं कुठून. पण त्यांना बोलले नाही, घरातलं घरात. अख्खी दुपार बसून त्यांच्या गाडीचा नवा मॅप केला, तीनदा चढावर नेऊन आणली, अशी पाण्यासारखी चालायला लागली. त्यांच्यासाठी केलं असं म्हणते मी — त्यांच्यासाठी नव्हतंच ते. लोकांनी त्याला नावं ठेवू नयेत म्हणून केलं. आणि संध्याकाळी एका कागदावर लिहून ठेवलं त्याच्यासाठी, की बाबा रे, ते चौदा चुकीचं आहे, तिथे चार कर, आणि गाडी बघून मॅप कसा करायचा ते शिकवते, ये.

फोन वाजतोय तुमचा. घ्या ना.

— मास्तर? उद्या सकाळी गाडी घेऊन बोलावलंय? बरं. आणि तुम्ही सांगितलंत, ताईंकडे आहे म्हणून. बरं, बरं. तुमची काही चूक नाही त्यात.

द्या तो टेप इकडे. काही नाही, डबा काढते. ही कंपनीची वायर कंपनीच्या वायरला जोडली, हा नवा प्लग लावला, झालं. आता ती शोरूममधून आणलीत तशी चालेल, अंगात जोर थोडा कमी वाटेल, पण चौकात बंद पडणार नाही, बायकोला बिनधास्त बसवा. डबा या पिशवीत आहे. तो घेऊन जा हवं तर त्याच्याकडे, तक्ता कोरा केलाय मी, सगळीकडे शून्य.

नाही, नवा मॅप नाही करून देणार. हात जोडते, आग्रह करू नका. का? ऐका आणि निघा. नर्सबाईंची गाडी मी दुपारी नीट करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कागद घेऊन त्याच्या दुकानात गेले, तर त्यांची गाडी तिथे केबल लावून उभी होती, माझा नवा मॅप तो उतरवून घेत होता, आणि त्या बाईंना सांगत होता, ताईनं हात लावून बिघडवली होती, मी नीट करून देतोय.