भाकर ग्यानबाची, कालवण सोनाजीचं

नातीचं, पुनमचं, लग्न झालं त्या वर्षी नर्मदाबाई डोंगरकड्याच्या थांब्यावर हिंगोलीच्या बसची वाट पाहत बसली होती. शेजारी मळणी यंत्रांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला ग्यानबा, मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन. तेवढ्यात त्याच कारखान्यात कामाला असलेला सोमेश्वर आला.

“काका, कुठं निघाले?”

“कारखान्याच्या गेटवर. दुसरीकडं कुठं जातो मी? चार रोज तापानं पडून होतो. सोनाजी नुसत्या कालवणावर दिवस काढून राहिला आसंल.”

“आज नका जाऊ.”

“काहून? भाकर माझी, कालवण त्याचं. तीस साल एका मशीनवर काम केलं, एका फडक्यावर जेवलो. मी रिटायर झालो म्हणून मोडायचं व्हय?”

“तसं न्हाई काका...”

“तुझी काकू गेल्यापासून मीच थापतो. सोनाजी म्हणतो, ग्यानबा, तुझी भाकर तोडायला ग्राइंडर लागतो. तरी दोन खातो लेकाचा!”

“काका, ऐका ना जरा.”

“बोल की. घरी दिवसभर कोणी बोलत न्हाई. त्याच्यापाशी जेवणाच्या सुट्टीत बोलून घेतो, तेवढंच. आता त्याची बी नोकरी सरत आली. मंग त्याच्याच ओट्यावर जाऊन बसत जाईन.”

“मी येतो तुमच्यासंग. पण गेटवर न्हाई. नरसीला, सोनाजीकाकाच्या घरी.”

“घरी? रजेवर हाय का तो?”

बस आली. नर्मदाबाई उठली नाही.

सोमेश्वरनं ग्यानबाचा हात धरला आणि सांगितलं. सोनाजी मंगळवारी सकाळी वारला होता.